तारेची गाठ

एल्डनने घोडीच्या पुढच्या पायांना तार बांधली आणि गाठ दोनदा ओढून पाहिली. तारेचं दुसरं टोक मागे वाळूत पुरलेल्या खुंट्याला होतं. चित्रीकरणात घोडा भरधाव सुटायचा, शंभर पावलांवर तार संपायची आणि तो तोंडावर आपटायचा. मूकपटच तो, किंकाळी कुणाला ऐकू येणार? प्रेक्षकांना वाटायचं, शत्रूची गोळी लागली. गेल्या आठवड्यात अशा तीन घोड्यांना नंतर खरीच गोळी घालावी लागली होती.

आजची घोडी, टॅन्सी, होती चित्रपट कंपनीची, पण शिंगरू असल्यापासून तिला वाढवलं एल्डनने. तिच्या कपाळावरचा पांढरा ठिपका दिग्दर्शक हारग्रेव्हच्या नजरेत भरला, आणि झालं!

“साहेब, मानेवर दोनदा थोपटलं की ही आपणहून आडवी होते. तार कशाला?”

“मला लढाई हवीय रे, वामकुक्षी नको!” हारग्रेव्ह कर्ण्यातून ओरडला. सगळे खदखदून हसले.

नायक सावलीत सरबत पीत बसला होता. घोड्यावरून पडायची त्याची कामं नेहमी दुसरंच कुणीतरी करायचं.

“आज मी बसतो,” एल्डन म्हणाला आणि त्याने नायकाचा लाल कोट चढवला.

कॅमेऱ्याची मूठ फिरू लागली. टॅन्सी उधळली. एल्डन पावलं मोजत होता. ऐंशीला त्याने लगाम खेचला आणि मानेवर थोपटलं, दोनदा. ती थबकली, गुडघे टेकले आणि अलगद कुशीवर पडली. प्लायवूडच्या किल्ल्याच्या दारात नायिका लेनोर होती. तिला रडायचं होतं, पण ती पोट धरून हसत सुटली.

“झकास!” हारग्रेव्ह म्हणाला. “हे ठेवा, विनोदी भागात चालेल. एल्डन, घोडी ने.”

एल्डनने पटकन तार सोडून तिला उठवलं. टॅन्सीच्या मानेत तोंड खुपसून तो क्षणभर तसाच उभा राहिला. वाचली बिचारी.

“आता पडायचा घोडा आणा!”

कुणीतरी एक करडा घोडा आणला. त्याने एल्डनच्या टोपीला नाक लावलं, खिशात गाजर आहे का तेही हुंगून पाहिलं. गाठ मारायचं काम एल्डनचंच होतं. तो खाली वाकला.

लेनोर कौतुकाने जवळ आली. “याला काय काय येतं हो?”

एल्डनने गाठ दोनदा ओढून पाहिली.

“काही नाही, बाईसाहेब,” तो मान वर न करता म्हणाला. “याला मी काहीच शिकवलेलं नाही.”