मधेच थांबणारी सारंगी

ऐका, मी चावीचा फोनो, म्हणजे जुना ग्रामोफोन बोलतोय. बोलता बोलता गप्प झालो तर घाबरू नका, आणि चावीला हातही लावू नका. असं का म्हणतो, तेच सांगायचं आहे.

माझी पेटी सागवानाची. कारखाना दूरच्या शहरातला. पण लाकूड इथलंच, चांद्याच्या जंगलातलं असावं असं मला नेहमी वाटतं. कारण इथल्या पावसाळ्यात कसं फुगायचं आणि उन्हाळ्यात कसं आकसायचं, हे मला कुणी शिकवावं लागलं नाही.

सुरुवातीची वर्षं मी वडशाच्या एका नाटक मंडळीत काढली. हिवाळाभर बैलगाडीतून गावोगाव फिरायचो. पडदा उघडण्याआधी लोक जमावेत म्हणून माझ्याकडून मोठमोठ्यानं गाणी वाजवून घेत. पुढे मंडळीनं बॅटरीवरचा लाउडस्पीकरचा भोंगा आणला आणि मी पेट्यांच्या मागे जाऊन पडलो.

तिथून मला रामाजीनं उचललं. रामाजी मंडळीतला सारंगीवाला. त्याच्याकडे एकच तबकडी होती. तिच्यावर गाणं नव्हतं, तबलाही नव्हता. नुसती सारंगी. एक सूर यायचा, लांबत लांबत विरून जायचा. मग काहीच नाही, फक्त सुईची खरखर. आता संपलं असं वाटावं, तेव्हा दुसरा सूर यायचा.

रामाजी आणि त्याची मुलगी भागीरथा संध्याकाळी ती ऐकत बसत. आई नसलेलं घर, दोघंही अबोल. सूर थांबला की भागीरथा श्वास धरून ठेवायची आणि पुढचा सूर आला की सोडायची. मला ते दिसायचं.

लग्नात रामाजीनं मला तिच्याबरोबर पोंभुर्ण्याला पाठवलं. "करमलं नाई तं लावत जा," एवढंच म्हणाला.

सासरी माझं कौतुक झालं. सासूबाईंनी, म्हणजे शकुबाईंनी, मला कुंकू लावलं. सासऱ्यांनी, बापूजींनी, स्वतः चावी दिली. शेजारपाजारच्यांनी अंगण भरलं. पहिला सूर आला आणि विरला.

"बंद पडला जी!" कुणीतरी ओरडलं.

बापूजी धावले. त्यांनी चावी गरगर फिरवली. नेमका तेवढ्यात दुसरा सूर आला. बापूजी खूश! "पाह्यलं? चावी कमी पडते त्याले."

झालं. त्या दिवसापासून सूर थांबला की चावी. माझ्या पोटातली स्प्रिंग आधीच भरलेली असायची, तिला आणखी आवळायचे. आता तुटते, मग तुटते, अशी कळ यायची. भागीरथाला ते कळत होतं. पण नवी सून सासऱ्यासमोर तोंड उघडत नाही, ही तिथली रीत. ती दाराआडून बघायची आणि पदराचं टोक पिळत राहायची.

तिनं नवऱ्याला सांगून पाहिलं. लटारू कान खाजवत म्हणाला, "बाबाले शिकवाले मी कोन वो? मलेच दोन शिव्या पडतीन."

शकुबाईंना तर गंमतच वाटायची. "सूनबाईसारखाच हाये हा बाजा! किती हालवा, तवा एक शब्द येते." अंगण हसायचं. भागीरथाही हसायची, पण चुलीकडे तोंड करून.

शेवटी बापूजी कंटाळले. "लटारू, उद्या बाजारात ने याले. मुका बाजा कायले ठेवाचा? बदल्यात कंदील आन. तबकडीबी देऊन टाक."

अक्षय्य तृतीयेला रामाजी लेकीला भेटायला येणार होता. आल्या आल्या तो मला शोधणार, आणि मग त्याला काय सांगायचं? भागीरथा त्या दिवशी जेवली नाही.

सकाळी लटारूनं बैल जुंपले. मला पोत्यात गुंडाळून गाडीत ठेवलं. तेवढ्यात जंगलाकडच्या पाड्यावरची सुकरी अंगणात आली. मोहफुलांचे दिवस होते. टोपलीभर फुलं देऊन ती तांदूळ न्यायची.

"पोत्यात काय हाय, भाऊ?" तिनं बापूजींना विचारलं.

"मुका बाजा."

"बाजा अन् मुका? दाखव नं मले."

बापूजी हसले. मला ओट्यावर मांडलं, तबकडी लावली. सूर आला, लांबला, विरला. बापूजींचा हात चावीकडे गेला.

"थांब नं, भाऊ!" सुकरी एकदम म्हणाली. "मोहाचं झाड हालवतोस का तू?"

"म्हंजे?"

"फूल पडते. मंग नाई पडत. मंग आणखी पडते. आपन झाडाले हात लावतो का? खालची जागा झाडून बसतो. तसंच हाय हे. गप बस."

बापूजींचं लहानपण मोहाखालीच गेलेलं. हालवलं तर कच्च्या कळ्या गळतात आणि उद्याचं फूल जातं, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. त्यांचा हात तसाच हवेत राहिला.

इतकी मोठी वाटणारी शांतता मी कधी अनुभवली नव्हती. स्प्रिंगनं आत्ताच दगा दिला तर? दारात भागीरथानं श्वास धरला होता. एका बैलानं मान हलवली, घुंगरू वाजलं. आणि सूर आला.

"पडलं," सुकरी हळूच म्हणाली.

बापूजींनी हात मांडीवर ठेवला. मग मागे न वळता त्यांनी विचारलं, "सूनबाई, हे असंच असते का वो?"

"हो, मामाजी," दारातून उत्तर आलं. "थांबूनच आयका लागते. लय चावी देल्ली का त्याच्या पोटात दुखते."

"मंग आतापर्यंत सांगतलं काऊन नाई?" बापूजी पुटपुटले. आणि त्याचं उत्तर आपलं आपल्यालाच सापडल्यासारखे खाली बघू लागले. मग लटारूकडे वळून म्हणाले, "बैल सोड."

शकुबाईंनी कपाळावर हात मारला. "बाप्पा! बाजाबी अन् सूनबी, दोघंबी बोलाले लागले. आता माह्या घरात मले कोन बोलू देईन?"

भागीरथानं धरलेला श्वास सोडला. माझी स्प्रिंगही सावकाश सैल होत गेली. इतकं हलकं मला कधीच वाटलं नव्हतं.

अक्षय्य तृतीयेला रामाजी आला, तेव्हा मी वाजतच होतो आणि नेमका दोन सुरांच्या मधे होतो. तो दारातून काही बोलणार, तोच बापूजींनी ओठांवर बोट ठेवलं. "बसा, व्याही. पडते आता."

रामाजीनं लेकीकडे पाहिलं आणि तो जमिनीवरच बसला.

आता मी जुना झालोय. सुई घासली आहे, तबकडीची खरखर वाढली आहे. पण मोहाच्या दिवसांत सुकरी टोपली टेकवते आणि मला अजून ओट्यावर मांडतात. तुम्हीही कधी या. मी मधेच गप्प झालो तर एवढंच करा, हात मांडीवर ठेवा आणि बसून राहा. पडेल.