फ्रिजवरचा रिपोर्ट

प्रयोगशाळेत त्याला सगळे मास्तर म्हणायचे, कारण शीर कशी शोधायची हे तिथल्या निम्म्या लोकांना त्यानंच शिकवलं होतं. एकवीस वर्षं रक्त काढलं गड्यानं, पण कधी कुणाचा हात काळानिळा केला नाही. कामाच्या बाबतीत नाकावर माशी बसू द्यायचा नाही. एखाद्या डॉक्टरानं फोन करून "रिपोर्ट जरा परत बघता का?" असं विचारलंच, तर मास्तर खुर्चीत मागे रेलून म्हणायचा, "डॉक्टर चुकेल, पेशंट थापा मारेल, रक्त खोटं बोलत नाही." आणि फोन ठेवायचा. हेच वाक्य त्यानं घरीही पाच वर्षं वापरलं.

लेक एकुलती एक. तेरा वर्षांची असताना तिचं पोट फुगायला लागलं. दुपारनंतर पोरगी गळून जायची, लोहाच्या गोळ्या खाऊनही रक्त वाढायचं नाव नाही. शाळेच्या फोटोत तर त्याआधीपासूनच दरवर्षी एकेक रांग पुढे यायची, कारण बाकीच्या मुली उंच होत होत्या आणि ही होती तेवढीच. डॉक्टर म्हणाले, "गहू सोसत नसेल. सीलिएक म्हणतात त्याला. गहू पोटात गेला की शरीर आपल्याच आतड्यावर उलटतं. रक्तात त्याच्या अँटिबॉडी सापडतात, तेवढं तपासून घ्या."

"घ्या काय, मीच करतो," मास्तर म्हणाला. रक्त त्यानं काढलं, मशीनवर त्यानंच लावलं. आकडा आला जवळजवळ शून्य. मशीनला मोजता येतं त्याच्याही खाली. संध्याकाळी त्यानं तो कागद फ्रिजच्या दारावर चुंबकानं लावला आणि बायकोला म्हणाला, "इतका स्वच्छ रिपोर्ट मी जन्मात पाहिला नाही."

अहो, इथंच पाणी मुरत होतं! जो आकडा जन्मात पाहिला नाही, तो बघून शहाणा माणूस थबकतो. हा पेढा मिळाल्यासारखा खूश.

बायकोला काही ते पटलं नाही. तिनं बहिणीचा सल्ला ऐकून महिनाभर लेकीला गुपचूप भात, बटाटे, मका असलंच खायला घातलं. पोरगी न थांबता जिने चढायला लागली. गाणी म्हणायला लागली, तीसुद्धा बेसूर आणि मोठ्यानं. मास्तरला सुगावा लागला तेव्हा त्यानं घर डोक्यावर घेतलं. "मी उभा जन्म रक्तात घालवला आणि तुझी बहीण मला शिकवणार? पोरीला आजार नाही, खोड लागलीय. तुम्हीच लाडावून ठेवलीय तिला."

दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी लेकीसमोर ब्रेडचे दोन स्लाइस आणि स्लाइसपलीकडे बाप. "संपव." ती संपवायची. मग न्हाणीघरात जाऊन नळ पूर्ण सोडायची, ओकाऱ्यांचा आवाज बाहेर येऊ नये म्हणून. "नाटक कंपनी," मास्तर पेपर उलटत म्हणायचा. लेकीनं तोंड उघडलं की तो नुसतं फ्रिजकडे बोट दाखवायचा. बायकोनं वर्षभर वाद घातला आणि मग सोडून दिला. दगडावर डोकं आपटून दगडाला काय होतंय?

अशी पाच वर्षं गेली. लेक अठराची झाली, पण दुकानदार तिला अजून "बाळ" म्हणायचे.

प्रयोगशाळेत एक नवी तंत्रज्ञ लागली होती. बारीक आवाजाची, मान खाली घालून काम करणारी. प्रयोगशाळेच्या कारभाराची वार्षिक तपासणी तोंडावर आली म्हणून तिला जुने आकडे चाळायला बसवलं होतं. चौथ्या दिवशी ती मास्तरच्या टेबलाशी एक यादी घेऊन आली.

"सर, हे अकरा जण बघता का? सीलिएकच्या तपासणीत यांचा आकडा अगदीच खाली आलाय."

"मग बरंच आहे की! निगेटिव्ह."

"नाही सर. आपण शोधतो ती अँटिबॉडी ज्या गटातली आहे, तो अख्खा गटच काहींच्या रक्तात जन्मापासून नसतो. त्यांना आजार असला तरी आपली टेस्ट निगेटिव्हच येणार. विहिरीत पाणीच नाही, तिथं मासे सापडले नाहीत म्हणून काय सांगायचं? आधी त्या गटाचं एकूण प्रमाण बघायला हवं होतं."

"डॉक्टरनं लिहून दिलं तर बघतो. नाही तर नाही. इथली पद्धत आहे ती."

"कुणी ठरवली, सर?"

मास्तरनं यादी स्वतःकडे ओढली. त्यानंच ठरवली होती. वर उगाच जास्तीच्या तपासण्या सुचवणाऱ्यांची टिंगलही केली होती.

यादीत नावं नव्हती, नुसते नमुन्यांचे नंबर होते. सातव्या नंबरावर त्याची नजर गेली आणि तिथंच थांबली. तो नंबर त्याला तोंडपाठ होता. पाच वर्षं रोज सकाळी चहा पिताना तो फ्रिजच्या दारावर वाचत होता.

खोटं कशाला सांगू, एक ओळ खोडावी असं त्याच्या मनात येऊन गेलं. त्या नव्या तंत्रज्ञ मुलीला काय कळणार होतं? पण ती समोर उभीच होती, पेन घेऊन. "सगळ्यांना बोलवा," मास्तर म्हणाला. "अकराच्या अकरा."

घरी येऊन त्यानं लेकीचं रक्त काढलं. कशाला, तिनं विचारलं नाही. हात पुढे केला आणि भिंतीकडे बघत राहिली. तो हात इतका बारीक होता, की दंडाला बांधायचा पट्टा पार शेवटपर्यंत ओढावा लागला.

त्या गटाचं प्रमाण आलं शून्य. मग याच आजाराची दुसऱ्या गटातली अँटिबॉडी तपासली, तर आकडा कमाल मर्यादेच्या पार वर. डॉक्टरांनी लेकीच्या मनगटाचा फोटोही काढून घेतला. हाडांची वाढ संपली होती. "उंची आता फारशी वाढायची नाही," डॉक्टर म्हणाले. "तोंडातून दुर्बीण घालून आतड्याचा तुकडा तपासू, म्हणजे पक्कं होईल. तारीख तीन आठवड्यांनंतरची मिळतेय."

"आजपासून गहू बंद करतो."

"आत्ता नाही! खाणं बंद केलंत तर आतडं सुधारायला लागेल आणि तपासणी पुन्हा फसेल. एकदा फसलीय तेवढं पुरे. तपासणीपर्यंत रोज दोन स्लाइस पोटात जायलाच हवेत."

घरी आल्यावर मास्तरनं फ्रिजवरचा कागद काढला. दारावर त्याच्या मापाचा पांढरा चौकोन उरला. त्यानं दोघींना बसवून सगळं सांगितलं. सांगताना दोनदा अडखळला. "चूक माझी आहे. रक्ताची नाही, मशीनची नाही. माझी," तो म्हणाला आणि त्यानं लेकीपुढे हात जोडले. बायको उठून आत गेली. तिनं भांडी इतकी आपटली, की त्यापुढे शिव्या परवडल्या असत्या.

लेक म्हणाली, "तो महिना आठवतो बाबा? आईनं भात दिला होता तो. मला वाटायचं, मी खरंच नाटक करते. तुम्ही एवढे हुशार, तुम्ही म्हणता म्हणजे असेल. नळ सोडून मी स्वतःलाच शिव्या द्यायचे."

मास्तरला रडू फुटलं. तिनं ते फुटू दिलं, थांबवलं नाही.

सकाळी तो मुद्दाम लवकर निघाला. चपला घालतच होता, तेवढ्यात आतून खुर्ची ओढल्याचा आवाज आला. लेकीनं स्वतःच पाकिटातून दोन स्लाइस काढले होते, ताटलीत ठेवले होते.

"कुठं निघालात? अजून तीन आठवडे आहेत," ती म्हणाली. "बसा ना. रोजच्यासारखे समोर बसा."

तो बसला. ती त्याच्याकडे बघत एकेक घास चावून खात राहिली. सगळं संपवून ती न्हाणीघरात गेली, आणि त्या दिवशी तिनं नळ सोडला नाही.