डाव्या बाजूचा लेफ्टनंट

झाखार लुन्योव्ह दहा मोसम माझ्या डाव्या हाताला खेळला आणि सरावतळावर माझ्याच खोलीत झोपला. त्याच्या बायकोपेक्षा मीच त्याच्याबरोबर जास्त दिवस काढले, असं रिम्मा म्हणायची. पहिली काही वर्षं हसत म्हणायची.

तो ताल्नीचा. उरालमधलं पोलादी पत्र्यांचं गाव, एक मोठा कारखाना आणि कारखान्याचाच आइस हॉकीचा संघ. एकोणिसाव्या वर्षी, म्हणजे ऐंशीच्या शरदात, त्याला सैन्यातून बोलावणं आलं. आमच्याकडे चांगला खेळणारा पोरगा सैन्यात गेला की बंदूक दोनदाच हातात धरतो, एकदा शपथेला आणि एकदा फोटोला. बाकी वेळ तो लष्करी विभागाच्या संघात बर्फावर असतो. दोन वर्षं काढायची आणि घरी जायचं, एवढंच झाखारच्या डोक्यात होतं. आल्या दिवशी त्याने खाटेखाली पेटी सरकवली. मी म्हटलं, "भिंतीवर काही लाव की लेका, उघडी दिसतेय."

"लावून काय करू? काढायचंच आहे."

दिसायला काहीच नव्हता. बुटका, आखूड मानेचा, ओठावर जुना व्रण. पण चकती घेऊन कडेने निघाला की समोरचा बचावपटू आपल्याच पायांकडे बघत राहायचा. मी मधला खेळाडू. माझं काम सोपं झालं होतं: मान वर न करता चकती डावीकडे सोडायची. झाखार तिथे असायचाच.

आमचा तळ शहरापासून अठरा किलोमीटरवर, पाइनच्या जंगलात. दोन मजली इमारत, बर्फाचं मैदान, मालिशची खोली, जेवणघर आणि भोवती हिरवं कुंपण. वर्षाचे साडेदहा महिने आम्ही तिथे. सकाळी सातला वजन, मग धावणं, ग्रेचका या धान्याची पेज, बर्फ, जेवण, सक्तीची झोप, पुन्हा बर्फ. टेलिफोन एकच, जिन्याखाली, त्याला रांग. बायकांना रविवारी दोन तास भेट, तीही फाटकाजवळच्या खोलीत, जिथे पहारेकरी सूर्यफुलाच्या बिया सोलत बसलेला असे. आमचे प्रशिक्षक कर्नल अर्कादी साव्हेल्येविच बुर्मिस्त्रोव्ह. आम्ही त्यांना पाठीमागे म्हातारा म्हणायचो. म्हातारा वरच्या मजल्यावर राहायचा आणि त्याच्या खिडकीतून फाटक दिसायचं.

ब्याऐंशीच्या एप्रिलमध्ये म्हाताऱ्याने झाखारला जेवणानंतर बोलावलं. त्याची सुटका सहा महिन्यांवर आली होती. रिम्माला सहावा महिना होता आणि ती ताल्नीत कारखान्याच्या वसतिगृहात, एका खोलीत, आई आणि भावासोबत राहत होती. झाखार अर्ध्या तासाने परत आला आणि खाटेच्या कडेवर बसला.

"फ्लॅट देतायत," तो म्हणाला. "शहरात. दोन खोल्या, चौथा मजला, नळाला गरम पाणी. बाळ यायच्या आत किल्ली."

"आणि बदल्यात?"

"लेफ्टनंट करतायत. एक सही."

ती सही मी चार वर्षांपूर्वीच केली होती. अधिकारी झालं की नोकरी पंचवीस वर्षांची, आणि मधे सोडायची म्हटलं तर वरच्यांची मर्जी लागते. माझं एक ठीक होतं. आईवडील गेलेले, मला जायला दुसरी जागा नव्हती. हे मी त्याला तेव्हाच स्पष्ट सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "गरम पाणी म्हणजे चैनच की." असा विंगर, कडेने खेळणारा, मला पुन्हा मिळाला नसता, हेही तेव्हा माझ्या मनात होतं.

त्याने सही केली. जेवणघरात आमचा गोलरक्षक म्हणाला, "अभिनंदन झाखार, दुसरं लग्न झालं म्हणायचं. या बायकोला घटस्फोट नसतो, लक्षात ठेव."

सगळे हसले. झाखारही हसला.

मुलगी झाली, आस्या. फ्लॅट खरंच मिळाला आणि गरम पाणीही येत होतं. फक्त झाखार तिथे नसायचा. फ्लॅटपासून तळ बसने चाळीस मिनिटं, पण सामना जिंकला तरी बस तळाकडेच वळायची. हरलो तर विचारायचीच सोय नव्हती. पुढे तो राष्ट्रीय संघाच्या दुसऱ्या फळीत गेला, वर्तमानपत्रात फोटो आला, छातीवर पदक आलं. दर वर्षी तो जितका चांगला खेळायचा, तितकी त्याला सोडण्याची शक्यता कमी व्हायची. हे त्याला माझ्याआधी कळलं असावं, कारण सराव संपल्यावरही तो बर्फावर रेंगाळायचा ते त्याने बंद केलं.

शहाऐंशीच्या सप्टेंबरात एका रविवारी रिम्मा भेटीला आली आणि दहा मिनिटांत परत गेली. झाखार खोलीत आला तेव्हा तिने घरी भाजून आणलेला सारणाचा पिरोग तसाच कागदात होता.

"आता येणार नाही म्हणाली."

"भांडलात?"

"नाही रे. म्हणाली, मला तुरुंगात भेटायला आल्यासारखं वाटतं, आणि आस्या विचारते की बाबांनी काय केलं होतं."

दुसऱ्या दिवशी तो म्हाताऱ्याकडे गेला. दार अर्धवट उघडं होतं आणि मी खाली जिन्यात टेलिफोनच्या रांगेत उभा होतो, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"मला ताल्नीला जाऊ द्या, अर्कादी साव्हेल्येविच. सहा वर्षं दिली मी."

"जाशील की. पंचेचाळिसाव्या वर्षी. तोवर कर्नल होशील."

"माझी बायको निघून जाईल."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग म्हातारा हळू आवाजात म्हणाला, "माझी एकोणसत्तरमध्ये गेली. मी याच इमारतीत एकवीस वर्षं झोपतोय, लुन्योव्ह. मला तरी कुणी विचारलं? बस खाली, चहा पी, आणि तयारीला लाग. शुक्रवारी सामना आहे."

तो बसला नाही. खोलीत आला, दार लावलं आणि मला म्हणाला, "येफिम, एक काम कर. मला पास देऊ नकोस."

"काय?"

"मी निकामी झालो तर ठेवून काय करतील? दहा सामन्यांत एकही गोल नाही, की आपोआप काढतील. पण तू चकती दिलीस तर मला जमणार नाही. तू उजवीकडेच खेळ."

मी त्याला शब्द दिला.

पहिला सामना मी उजवीकडे खेळलो. दुसराही. आमचा उजवा विंगर बिचारा चकती येताना बघून दचकायचा. झाखार कडेने मोकळा धावायचा, रिकामा. प्रेक्षक शिट्ट्या मारायला लागले. तिसऱ्या सामन्यात शेवटच्या टप्प्यात बरोबरी होती. दोघे बचावपटू माझ्या अंगावर आले आणि डावीकडे बर्फाचा अख्खा पट्टा मोकळा पडला. त्या क्षणी मी विचार केला असता तर थांबलो असतो, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. खरं सांगायचं तर विचार केला होता. आपण जिंकू शकतो, एवढा तो विचार होता. मी चकती डावीकडे सोडली. त्याने ती न थांबवता मारली आणि जाळीमागचा गोलचा लाल दिवा पेटला.

बाकीचे त्याच्या अंगावर पडले. तो त्यांच्याखालून उठला, माझ्याजवळ आला आणि शांतपणे म्हणाला, "शब्द दिला होतास."

पुढच्या सामन्याला तो बसमध्ये चढला नाही. बूट घालून, पिशवी पायाशी ठेवून दारात उभा राहिला. म्हाताऱ्याने बसमधून उतरून विचारलं, "आजारी आहेस?"

"नाही. मला हॉकीतून काढून साध्या लष्करी कामाला लावा. तसा अर्ज लिहून तुमच्या टेबलावर ठेवलाय."

"कुठे पाठवतील माहीत आहे?"

"कुठेही पाठवा."

त्याला बैकालच्या पलीकडे, सीमेजवळच्या एका छावणीत पाठवलं, कोळशाच्या कोठारावर. सगळ्यांना वाटलं रिम्मा शहरातच राहील. तिने आस्याला आईकडे ताल्नीला सोडलं, फ्लॅटला कुलूप लावलं आणि त्याच्या मागोमाग गाडीत बसली. जानेवारीत मला त्याचं एकच पत्र आलं. त्यात लिहिलं होतं की उणे चाळीस आहे, नळ नाही, पाणी हापशाचं आणतो, रिम्मा छावणीच्या शाळेत गणित शिकवते, आणि संध्याकाळी सहाला मी घरी असतो. 'घरी' या शब्दाखाली त्याने रेघ ओढली होती.

इकडे आमचा संघ घसरत घसरत तळाला आला. शेवटचे आठ सामने उरले होते. हरलो तर खालच्या वर्गात. म्हाताऱ्याने मला बोलावून हातात एक कागद दिला. लेफ्टनंट लुन्योव्हने ताबडतोब संघात हजर व्हावं, असा आदेश.

"तू घेऊन ये त्याला," म्हातारा म्हणाला. "दुसऱ्या कुणी नेला तर तो कागद फाडेल."

"आणि मी नेला तर?"

"तू दिलेला कागद तो फाडणार नाही. मी त्याला ओळखतो."

चिता शहरापर्यंत विमानाने, पुढे नऊ तास रेल्वेने आणि मग छावणीच्या ट्रकने मी पोचलो. रविवार होता, दुपारचे साडेबारा झाले होते. रिम्मा पायांत जाड लोकरी बूट घालून, पिठाच्या पाऱ्यांत खिमा भरून पेल्मेनी वळत होती, आणि झाखार जमिनीवर मांडी घालून स्टोव्हची नळी साफ करत होता. तोंडाला काजळी. मी त्याला कधी इतका जाडजूड आणि इतका निवांत पाहिला नव्हता. दारात मला बघून तो आनंदाने उठायला लागला आणि अर्ध्यातच थांबला.

"तुलाच पाठवलं?"

"मलाच."

रिम्माने पिठाचे हात पुसले, कागद घेतला आणि दोनदा वाचला. "नाही गेला तर काय होईल, येफिम? खरं सांग."

"आदेश मोडला म्हणून कोर्टासमोर उभा करतील. सैनिक आहे तो."

"सैनिक," ती म्हणाली. "सहा वर्षं झाली. एकदा तरी युद्ध हरला असता तर सोडून दिला असता, नाही?" मग तिने पेल्मेनी पाण्यात सोडले. "जेव आधी. एवढ्या लांबून आलास."

आम्ही तिघं जेवलो. झाखारने पिशवी भरली, त्याला पाच मिनिटंही लागली नाहीत. निघताना रिम्मा म्हणाली, "मी शाळेचं वर्ष संपेपर्यंत इथेच राहते. मग ताल्नीला जाईन. त्या फ्लॅटमध्ये परत जाणार नाही मी. तू सुटलास की ये."

"आणि नाहीच सुटलो तर?"

"तर पंचेचाळिसाव्या वर्षी ये. मी काय तेव्हा फार म्हातारी नसेन."

चार महिने तो बर्फावर उतरला नव्हता. पहिल्या सरावात त्याचे पाय लटपटले आणि मला मनातून बरं वाटलं. दुसऱ्या आठवड्यात पाय परत आले. त्या आठ सामन्यांत त्याने नऊ गोल केले. गोल केला की तो हात वर करायचा नाही, कुणाच्या गळ्यात पडायचा नाही, सरळ बाकड्यावर येऊन हातमोजे काढून बोटांकडे बघत बसायचा. आम्ही वरच्या वर्गात राहिलो. म्हाताऱ्याने सगळ्यांसमोर त्याचं चुंबन घेतलं आणि त्याला संघाचा कॅप्टन केला.

आणखी साडेतीन वर्षं तो खेळला. नव्वदमध्ये उजवा गुडघा दुसऱ्यांदा फाटला आणि डॉक्टरांनी लिहून दिलं की पूर्वीसारखं होणार नाही. तेव्हा कुठे कागद हलले. म्हातारा तोवर स्वतःच आजारी पडून वारला होता. सुटकेचा आदेश एका कारकुनाने आणून दिला, आमची सक्तीची झोप चालू असताना. झाखारने सही केली, पेन परत दिलं आणि झोपेची वेळ संपेपर्यंत खाटेवर पडून राहिला. उठून कुठे जायचं, हे त्याला सुचलं नाही, असं त्याने मला नंतर सांगितलं.

पुढच्या वर्षी सप्टेंबरमध्ये मी ताल्नीला गेलो. तो कारखान्याच्या संघात खेळत होता, गुडघ्याला पट्टा बांधून, एका सामन्यात जेमतेम आठ-दहा मिनिटं. वेग गेला होता. तरी गाव बघायला यायचं. बर्फावरून बाहेर आला तेव्हा मी त्याला ते सांगितलं जे पाच वर्षं सांगायचं राहिलं होतं. तो पास हातून चुकून गेला नव्हता, मी जाणूनबुजून दिला होता.

"माहीत आहे," तो म्हणाला. "पण मारली कुणी? मी बाहेर मारू शकलो असतो. माझं मनगट कुणी धरलं होतं? मला तो गोल हवा होता, येफिम. तेवढ्या एका सेकंदात मला बायको नको होती, घर नको होतं, गोल हवा होता. हे मी रिम्मालाही सांगितलंय."

"ती काय म्हणाली?"

"म्हणाली, माहीत होतं म्हणूनच तर तुझ्याशी लग्न केलं."

त्यांच्या घरी गेलो. दार आस्याने उघडलं. नऊ वर्षांची, वेणी घातलेली, बापासारखीच आखूड मान. तिने माझा कोट घेतला, मग बापाकडे वळून विचारलं, "तुम्ही आता जेवणार, की नंतर?"

रिम्माला ती सरळ तू म्हणत होती, आजीलाही, मांजरालाही. बापाला मात्र तुम्ही, पाहुण्याला म्हणतात तसं. झाखारने उत्तर दिलं, "आत्ताच जेवू, आस्या, तुला चालत असेल तर," आणि स्वतःचे बूट भिंतीलगत नीट लावून ठेवले. स्वयंपाकघरात रिम्मा मला हळूच म्हणाली, "वर्ष झालं. घाई करू नकोस म्हणते मी त्याला. पोरीला सवय व्हायला वेळ लागतो."

जेवण झाल्यावर आम्ही चौघं बसने त्यांच्या बटाट्याच्या वाफ्यावर गेलो. झाखारला वाकता येत नव्हतं, म्हणून तो फावड्याने माती उलटायचा आणि आस्या मागून बटाटे वेचायची. एका ओळीच्या शेवटी ती म्हणाली, "तुम्ही फार भराभर चालता. माझे राहून जातात." तो थांबला, फावडं मातीत रोवलं आणि ती येईपर्यंत उभा राहिला.