खिडकीतली बाटली

सूनबाई आपल्या पाण्यात काहीतरी कालवते, अशी शिंपीबुवांची खात्री पटली होती. सकाळी पाणी चांगलं लागायचं. दुपारी ती औषधांच्या दुकानातून जेवायला घरी येऊन गेली, की तेच पाणी कडवट व्हायचं, औषधासारखा वास मारायचा. आता एवढ्यावरून ओळखायला माणसाने काय वकील व्हायला हवं?

त्यातून ती एकदा हसत म्हणालीही होती, "बाबा, रक्तदाबाची गोळी अशीच चुकवत राहिलात ना, तर पाण्यात विरघळवून पाजेन हं!" मुलगा तेव्हा खो खो हसला. बुवांनी मात्र ते वाक्य मनातल्या मनात उसवलं, उलटं करून आतली शिवण तपासली. नजर अधू झाल्यापासून त्यांनी मशीन खिडकीशी उजेडात ओढलं होतं. शेजारच्या कठड्यावर, सरबताच्या जुन्या प्लास्टिकच्या बाटलीत, त्यांचं दिवसभराचं पाणी असायचं. त्या बाटलीवर ते डोळ्यांत तेल घालून पहारा करू लागले. पण माणूस म्हटला की संडासला जाणारच!

मुलाला सांगावं, तर तो बायकोच्या मुठीत. आणि आळ खोटा निघाला तर? सुनेला सातवा महिना. भरल्या घरात आग लावून या वयात तोंड कुठे लपवायचं? बरं, गप्प बसावं, तर रोज पोटात काय जातंय कोण जाणे.

बटणं विकणारा त्यांचा दोस्त म्हणाला, "सरळ तिलाच पाज की. मनात पाप असेल तर ओठाला लावणार नाही."

विषाची परीक्षा दुसऱ्याने घ्यायची, हे बुवांना भलतंच पटलं.

त्यांनी त्या बाटलीतलं पाणी पिणंच सोडलं. पुरावा म्हणून ती भरलेली तशीच कठड्यावर ठेवली. बाहेर ऊन नुसतं भाजून काढत होतं. मग एका संध्याकाळी सून सुजलेले पाय ओढत आली आणि खुर्चीत बसली. बुवांनी पेला भरून तिच्यापुढे धरला.

"घे पोरी, दमलीस."

पहिल्याच घोटाला तिच्या कपाळावर आठी पडली. सापडली, बुवा मनात म्हणाले. पण तिने डोळे मिटून पेला तळापर्यंत रिकामा केला.

"बाबा, हे कुठलं पाणी?"

"खिडकीतल्या बाटलीतलं."

तिने उठून बाटलीला हात लावला आणि चटकन मागे घेतला. "अहो, ही दिवसभर उन्हात असते? तापलं की प्लास्टिकमधली रसायनं पाण्यात उतरतात. डॉक्टरीणबाईंनी मला बजावून सांगितलंय, बाळ होईपर्यंत असलं पाणी नको म्हणून. आणि तुम्ही रोज हेच पिता? बोलायचं नाही का!" तिने बाटली मोरीत उपडी केली.

इतके दिवस आपण कुणावर संशय घेतला, हे कळून बुवांना स्वतःची किळस आली.

"पण मग तू का प्यायलीस? वास आला असेल ना?"

"आला की." ती पोटावर हात ठेवून ओशाळून हसली. "पण कधी नव्हे ते तुम्ही आपल्या हाताने दिलंत. नको म्हटलं असतं, तर तुम्हाला काय वाटलं असतं?"

काय वाटलं असतं, ते बुवांना पक्कं ठाऊक होतं. त्यांना तिच्या पोटाकडे बघवेना.