बर्फाच्या पेटीतला धन्वंतरी

सकाळी नऊलाच हॉलच्या जिन्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. कुणी गुडघे घेऊन आलेलं, कुणी दमा, कुणी बारा वर्षांची पाठदुखी. आणि या सगळ्यांना बरं कोण करणार? वीतभर उंचीचा प्लॅस्टिकचा रोबो. दुमडला की मोटार होते, उलगडला की दोन पायांवर उभा राहतो.

"खेळणं म्हणू नकोस हं," ताईने मला कोपराने ढोसलं. "ऐकतील ते."

"ऐकू देत. खेळणी दुरुस्त करून पोट भरते मी. खेळण्याला खेळणंच म्हणणार."

ताई माझी थोरली बहीण. अकरा दिवसांपूर्वी तिने इन्शुलिनचं इंजेक्शन बंद केलं आणि मला पत्ता लागला काल, ती एका बैठकीत चार तांबे पाणी प्यायली तेव्हा. डॉक्टरांना विचारलंस का, म्हटलं, तर म्हणे रोबोने सांगितलं. माझं डोकंच सणकलं. पण दवाखान्यात यायला बाईसाहेब तयार नाहीत. "आधी तिथे चल, स्वतः बघ. त्याच्यात खोट काढलीस तर नेशील तिथे येते." म्हणून मी आले होते.

रोबोचे मालक म्हणजे कॅप्टन. कशाचे कॅप्टन, हे कुणी विचारलेलं नव्हतं. हातात पांढरे मोजे, समोर बर्फाची पेटी, शेजारी वाफाळणारी किटली.

"या रंगाचे जगात फक्त सात आहेत," कॅप्टन सांगत होते. "संग्राहक जीव टाकतात यावर. हा काळा रंग कारखान्यातला नाही, याने तो स्वतः धारण केलाय. शरीरात रोग असेल तर हा काळाच राहतो, रोग गेला की पांढरा होतो. ही अंधश्रद्धा नाही बरं का, शुद्ध विज्ञान आहे. इलेक्ट्रॉन उलटे फिरतात."

इलेक्ट्रॉन उलटे फिरल्यावर माना डोलल्या.

रोग शोषून रोबो दमतो, म्हणून त्याला दर वेळी बर्फात विश्रांती. नव्या माणसाने तो पाच सेकंद धरायचा. रोबो काळाच राहायचा, माणूस आजारी ठरायचा. जुन्या माणसाला आधी 'ऊर्जाजल', म्हणजे किटलीतलं कढत पाणी. पेला दोन्ही हातांत धरून सावकाश प्यायचा, मग रोबो मिनिटभर मुठीत. मूठ उघडली की रोबो पांढराशुभ्र. ताईची साखर अशीच 'गेली' होती.

आमची पाळी आली. मी आवाजात साखर घोळवली. "साहेब, मला या वस्तूंची थोडी जाण आहे. पारखून बघू का?"

"अवश्य. मागणारे खूप आले, मी दिला नाही," कॅप्टन फुलले.

मी चष्मा लावला आणि रोबोचा कोपर वाकवला. सांध्यात रंग घासला गेला होता, खालून पिवळंधमक प्लॅस्टिक डोकावत होतं.

"हा मूळचा पिवळा आहे," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. "याच साच्यातले पाच माझ्या दुकानात धूळ खात पडलेत. कारखान्यात आधी भाग रंगवतात, मग स्क्रू बसवतात. इथे स्क्रूच्या खाचेतही रंग भरलाय. गुडघा तर जाड थराने आखडलाय. घरी बसून ब्रश मारलाय कुणीतरी."

"रंग वरवरचा, शक्ती आतली," कॅप्टन म्हणाले. मोजे मात्र ओढायला लागले.

"शक्ती रंगातच आहे साहेब. न्हाणीघरात खेळायचे मासे मी विकते, गरम पाण्यात रंग बदलणारे. त्यांचाही हाच रंग. गार असला की काळा, ऊब लागली की पांढरा."

मी रोबो किटलीला टेकवून धरला. दहा आकडे मोजेपर्यंत तो पांढरा पडला. "अभिनंदन, किटलीची साखर गेली."

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. कॅप्टन गरजले, "अविश्वासामुळे लहर बिघडते."

"किटलीची श्रद्धा दांडगी दिसते मग."

ताई हसली नाही. तिने माझ्या हातातून रोबो घेतला आणि बर्फात ठेवला. काळा झाल्यावर बाहेर काढून गार हातात धरला, तो काळाच राहिला. मग ऊर्जाजलाचा पेला दोन्ही हातांत धरला, एक घोटही न पिता खाली ठेवला आणि रोबो मुठीत घेतला. मूठ उघडली तेव्हा तो पांढरा होता. तिने तो पेटीच्या झाकणावर ठेवून दिला. मला तिची फार दया आली.

"चल," एवढंच म्हणाली.

दवाखान्यात साखरेचा आकडा बघून डॉक्टरांनी लगेच नर्सला हाक मारली. मग म्हणाले, "अजून दोन दिवस गेले असते, तर यांना उचलून आणावं लागलं असतं."

नर्स सिरिंज भरत होती. ताईने मला हळूच विचारलं, "आता हे जन्मभर का गं?"

"हो."

तिचे डोळे भरून आले. कॅप्टनने याच प्रश्नाला किती गोड उत्तर दिलं होतं. माझ्याकडे तसलं उत्तर नव्हतं, डॉक्टरांकडेही नव्हतं. हवं ते उत्तर कुणी दिलं की आपण पुरावा मागत नाही, सगळी गोम तिथेच आहे. म्हणून सांगते, कुणी चमत्कार दाखवला तर हात जोडण्याआधी एवढंच विचारा, हे खोटं असेल तर मला कळणार कसं? खरं असणाऱ्याला त्या प्रश्नाचा राग येत नाही.

ताईने पदराने डोळे पुसले. "टोचा," ती नर्सला म्हणाली. "आणि हिलाही शिकवून ठेवा. माझा हात हल्ली थरथरतो."