हात न लावलेले फोटो

“हे कोणी केलं?” त्वचारोगाच्या डॉक्टरबाईंनी पाकीट काउंटरवर उपडं केलं. सोळा फोटो घसरत पसरले.

स्टुडिओच्या मालकांनी चष्मा वर सरकवून पाहिलं. “छान आलेत की.”

“छानच आलेत. तीच तक्रार आहे. हे माझ्या पेशंटचे उपचाराआधीचे चेहरे. यात एकालाही काही झालेलंच नाही.”

मालकांनी पडद्याकडे मान वळवली. “बुवा, जरा बाहेर या.”

बुवा हे नाव दाढीमुळे पडलेलं. वय चौतीस. बारा वर्षं पडद्यामागच्या कॉम्प्युटरवर लोकांचे फोटो साफ करायचं काम. डाग, पुटकुळ्या, डोळ्यांखालची वर्तुळं. एका चेहऱ्याला दहा मिनिटं पुरत. या सोळा चेहऱ्यांना त्यांनी दोन दिवस दिले होते. साफ करायला कोणी सांगितलं नव्हतं.

“मूळ फोटो आहेत,” बुवा म्हणाले. “मी कधीच पुसत नाही. लगेच छापून देतो.”

“पण केलं कशाला?”

“बघवेना.”

बाईंचा आवाज खाली आला. बुवांचा डावा हात जबड्याजवळ होता, पण टेकलेला नव्हता. दुखऱ्या जागेजवळ माणूस हात धरतो, तसा.

“दाढी हौसेची आहे का?”

“नाही.”

“दाखवा.”

पडद्यामागच्या दिव्याखाली बाईंनी केस बाजूला करून पाहिलं. जबड्याच्या कडेला चार गाठी, मानेवर दोन, खाली जुने खड्डे. बोट लागताच बुवांनी डोळे मिटले.

“किती वर्षं?”

“अठरा. सगळे म्हणाले, लग्नानंतर जाईल. मग म्हणाले, मुलं झाल्यावर जाईल. मुलगी पाच वर्षांची झाली.”

“आणि तुम्ही काय केलं?”

“साबण. लेप. लिंबू. सुईसुद्धा.”

“सुईनेच वाढवलंत. ही गाठ खोल असते. वरून दाबली की आत फुटते आणि शेजारी पसरते. हा आजार आहे, त्याला औषध आहे.”

औषध म्हणजे कॅप्सूल, जेवणाबरोबर, सात-आठ महिने. दर महिन्याला रक्ततपासणी. ओठ फुटणार. सुरुवातीला दुखणं वाढूही शकतं. आणि दर महिन्याला एक फोटो.

“तो तुम्हीच काढा,” बाई म्हणाल्या, “पण त्याला हात लावायचा नाही.”

घरी आईने गोळ्यांची पट्टी उलटसुलट करून पाहिली. “अरे, केस पांढरे व्हायला लागले तुझे. आता पुटकुळ्यांचं औषध?”

“पांढऱ्या केसांचं मिळालं की तेही घेईन,” बुवा म्हणाले.

दुसऱ्या महिन्यात डाव्या जबड्यावर सुपारीएवढी गाठ आली. घास चावता येईना. बायकोने ताटातलं सगळं कुस्करून दिलं आणि म्हणाली, “अहो, बंद करा त्या गोळ्या. होतं तेच बरं होतं.”

“होतं ते बरं नव्हतं,” बुवा एवढंच म्हणाले, कारण तोंड उघडत नव्हतं.

त्या दिवशी फोटोची तारीख होती. दाढी वर धरून त्यांनी तो काढला आणि स्क्रीनवर उघडला. सूज फोटोभर पसरली होती. हात सवयीने माऊसवर गेला, गोल खूण गाठीवर आली. एक क्लिक, की गाठ गेली असती. बाईंना वाटलं असतं, औषध लागू पडतंय. गोळ्याही चालू राहिल्या असत्या आणि बुवांना कोणाची बोलणीही खावी लागली नसती.

खूण तिथे बराच वेळ थांबली. मालक डोकावून म्हणाले, “कोणाचा आहे?”

“माझा.”

मालक परत काउंटरकडे गेले. बुवांनी खूण बाजूला नेली आणि फोटो होता तसा पाठवला.

दहा मिनिटांत फोन आला. “आत्ता या. जेवला नसाल तरी या.”

बाईंनी गाठीत बारीक सुईने औषध सोडलं आणि कॅप्सूलचं प्रमाण काही आठवडे कमी केलं. तिसऱ्या दिवशी गाठ बसली. बुवांनी कडक पावाचा तुकडा मुद्दाम डाव्या बाजूने चावला. बायको समोर बसून बघत होती.

“दुखलं?”

“आणखी एक दे.”

चौथ्या महिन्यापासून नवी गाठ आली नाही. आठव्या महिन्यात बाईंनी आठही फोटो टेबलावर ओळीने मांडले, आणि पहिल्यांदाच त्या हसल्या. “खड्डे राहतील. त्यांचंही पुढे बघता येईल. पण आजार हरला. हे आठही मी इतर डॉक्टरांना दाखवणार आहे. चालेल?”

“चालेल. चेहरा झाकू नका.”

क्लिनिकमधून ते सरळ सलूनमध्ये गेले. अकरा वर्षं ते घरी कात्रीने दाढी कापत आले होते. सलूनवाल्याने आधी कात्री चालवली, मग फेस लावला, वस्तरा घेतला आणि गालावरचे खड्डे पाहून थबकला.

“साहेब, जपून करू?”

“सगळ्यांची करता तशी करा.”

वस्तरा कानापासून जबड्यापर्यंत आला. मग हनुवटी. मग मान, जिथे कॉलर लागली तरी जीव जायचा. सलूनवाल्याने दुसऱ्या गालासाठी डोकं वळवायला सांगितलं. डोकं वळलं नाही. बुवांचा श्वास संथ चालला होता.

बाकावर थांबलेल्या गिऱ्हाइकाने घड्याळ पाहिलं. सलूनवाल्याने बोट ओठांवर ठेवलं, रेडिओ बारीक केला आणि वस्तरा हातात धरून तसाच उभा राहिला.