शुक्रवारच्या बॅगा

तुम्ही खोटं बोललात. आडून नाही, चांगलं गुळगुळीत कागदावर रंगीत छापून बोललात. तुमच्या विद्यापीठाच्या माहितीपत्रकाच्या पहिल्याच पानावर समुद्राकडे पाठ करून चार पोरं हसतायत आणि खाली लिहिलंय, ‘इथे आलात म्हणजे घरी आलात.’ घर म्हणालात. पण ते घर सोमवार ते शुक्रवारच उघडं असतं, हे कुठल्या पानावर छापलंत? पत्रकाचे कोपरे दुमडेपर्यंत शोधलं, सापडलं नाही. तुम्ही गिळलेलं ते वाक्य पोरांना सांगायचं काम मग डर्वलाच्या गळ्यात पडलं.

डर्वला हेनेगन म्हणजे विद्यार्थी संघटनेची कल्याण अधिकारी. पदाचं नाव मोठं, पण कचेरी कॅन्टीनच्या जिन्याखाली. मागच्या वसंतात किटलीचा वेष घालून तिने निवडणूक लढवली होती आणि ‘अडलंय? चहा घे’ एवढ्या एका वाक्यावर ती जिंकली होती. आता वर्षभर तेच तिचं काम. खोलीत स्प्रिंग तुटलेला एक सोफा, एक किटली, आणि टेबलावर दोन वाडगे: एकात टॉफ्या, दुसऱ्यात फुकट वाटायचे निरोध. दोन्हींचे कागद सारखेच चमकदार. एकदा पाहुणे म्हणून आलेल्या बिशपनी बोलता बोलता भलत्याच वाडग्यात हात घातला होता, आणि डर्वलाने अगदी शांतपणे “दोन घ्या, फादर” म्हटलं होतं, अशी कथा कॅन्टीनमध्ये सांगतात. डर्वला ती नाकारत नाही.

दिवसभर तिच्याकडे काय काय येई. कुणाचं चीज खोलीतला सोबती चोरून खातोय. कुणाचं प्रेम मोडलंय, आणि जिच्याशी मोडलंय ती प्रयोगशाळेत शेजारच्याच स्टुलावर बसते. एक पोरगा सांगत आला की घरमालकाच्या छताला अळंबी उगवलीयेत. डर्वला हसली, त्याने फोटो दाखवला, आणि ती खरंच होती, चांगली छत्र्या उघडून.

“खाऊ नकोस,” डर्वला म्हणाली.

“मालक म्हणतोय भाड्यात धरलीयेत.”

अशी सगळी गंमत चालायची. शुक्रवारी दुपारी मात्र अख्खं विद्यापीठ बॅग उचलायचं. फाटकाबाहेर बसगाड्या लागायच्या आणि धुवायचे कपडे कोंबलेल्या बॅगा घेऊन पोरं आपापल्या आईकडे निघायची. गाव रिकामं व्हायचं. डर्वलासुद्धा मेयोला, आपल्या गावी, जायची, आईच्या हातचं खायची आणि रविवारी संध्याकाळी इस्त्रीचे कपडे घेऊन परत यायची. सगळे बॅग घेऊन जातात, म्हणजे सगळे घरीच जातात, असं तीही धरून चालली होती. म्हणून सोफ्यावर दर शुक्रवारी बॅग मांडीवर घेऊन बसणारी ती मुलगी तिला कित्येक आठवडे दिसूनही दिसली नाही.

ती नेस्तान. जॉर्जियातल्या कुताइसीची, समुद्रातल्या शेवाळाचा अभ्यास करायला आलेली. शांत, सरळ, विचारलं तेवढंच उत्तर देणारी.

“तुझी बस चुकेल गं,” एका शुक्रवारी दाराला कुलूप लावता लावता डर्वला म्हणाली. “किती वाजताची आहे?”

“कुठली?”

“घरची.”

“घरची बस आहे, पण मध्ये सगळा युरोप आहे.”

डर्वलाने कुलूप परत काढलं. किटली परत लावली.

नेस्तान लॅफनबाईंकडे पेइंग गेस्ट होती. पाच दिवसांची. शुक्रवारी न्याहारी झाली की बॅग उचलायची, रविवारी दिवेलागणीला परत यायचं. गावातल्या निम्म्या घरांत हीच रीत. लॅफनबाई वाईट नव्हत्या. रोज अंडं उकडून द्यायच्या, पावसात स्वतःची छत्री द्यायच्या. पण शुक्रवारी त्यांचे दोघे मुलगे डब्लिनहून यायचे आणि त्यांना त्यांचे पलंग लागायचे.

“मग तू जातेस कुठे?”

“आधी वर्गातल्या मैत्रिणीच्या सोफ्यावर जायचे. मग तिचा मित्र यायला लागला. आता विमानतळावर.”

“विमानतळावर?”

“बस थेट जाते ना डब्लिनच्या. तिथे बॅगवाल्या माणसाला कुणी काही विचारत नाही. दिवे चालू असतात, संडास स्वच्छ असतो. मागच्या वेळी एक आजी म्हणाली, तुझं विमान फारच उशिरा आहे गं बाई. मला तिच्या सँडविचमधलं अर्धं दिलं.”

तिने हे तक्रार म्हणून नाही, बसचं वेळापत्रक सांगावं तसं सांगितलं. मग चहाचा घोट घेऊन म्हणाली, “पण आता पुरे झालं. नाताळात त्याच विमानतळावरून खरंच विमानात बसेन. परत नाही यायची. शेवाळ काळ्या समुद्रातही असतं.”

त्या शनिवार-रविवारी डर्वला मेयोला गेली नाही. नेस्तानला तिने स्वतःच्या खोलीत नेलं, आणि त्या डबीएवढ्या खोलीत एकीला उठायचं असेल तर दुसरीने पाय आखडायचे अशा पद्धतीने दोघींनी दोन दिवस काढले. हा काही उपाय नव्हता. खोलीमालकाने सोमवारी तसं स्पष्ट सांगितलंही.

मग डर्वलाने फोन फिरवायला घेतला. वसतिगृहाच्या कचेरीत एक गोड आवाज होता.

“अशा विद्यार्थ्यांसाठी आमची सोय आहे बरं का,” आवाज म्हणाला. “त्यांनी विद्यार्थी संघटनेच्या कल्याण अधिकाऱ्यांना भेटायचं.”

“ती मीच.”

“हो का? फार छान. तुमच्याबद्दल चांगलं ऐकलंय.”

तुमची सगळी यंत्रणा ही अशी आहे. बोट दाखवायचं, त्या बोटापुढे दुसरं बोट, त्यापुढे तिसरं, आणि शेवटचं बोट जिन्याखालच्या खोलीतल्या एका पोरीच्या नाकावर. तिच्याकडे किटली आहे, टॉफ्या आहेत, पलंग नाही. पलंग तुमच्याकडे आहेत. उन्हाळ्यात तेच पलंग तुम्ही पर्यटकांना देता आणि तेव्हा आठवड्याचे सातही दिवस देता.

मंगळवारी डर्वला नेस्तानला घेऊन थेट वरच्या मजल्यावर गेली, कुलसचिवांच्या बैठकीत. कुलसचिव फिन्टन कॉस्टिगन. ‘साहेब’ म्हटलेलं त्यांना आवडत नाही. मला फिन्टनच म्हणा, असं ते पहिल्या हस्तांदोलनातच सांगतात. माणूस दिसायला लोकरीच्या स्वेटरसारखा: मऊ, उबदार, आणि कुठूनही ओढला तरी ताणला जाणारा.

“शुक्रवारी ही कुठे जाणार?” डर्वलाने विचारलं.

“फार महत्त्वाचा प्रश्न,” फिन्टन म्हणाले. “याची आम्हाला खोलवर जाणीव आहे. नव्या वसतिगृहाचा आराखडा पुढच्या टप्प्यात आहे.”

“आराखड्यात झोपता येत नाही, फिन्टन. येत्या शुक्रवारी कुठे जाणार?”

फिन्टन नेस्तानकडे वळले. आवाज आणखी मऊ केला. “बाळ, तू तुमच्या कल्याण अधिकाऱ्यांशी बोललीस का?”

नेस्तानने शेजारी बसलेल्या डर्वलाकडे पाहिलं. “आत्ता बोलतच आहे,” ती म्हणाली.

खोलीत कुणीतरी खोकल्यासारखं हसलं. बैठक पुढच्या विषयावर गेली. उठता उठता मात्र फिन्टननी स्वतः नेस्तानला कोट घालायला मदत केली. त्यांना तेवढं वाईट वाटलं होतं, हे खरं. “आणि हे बघ,” ते म्हणाले, “कधी फारच अडलीस तर आमच्याकडे ये हं. एवढं मोठं घर, पोरं ऑस्ट्रेलियाला जाऊन बसलीत. आम्ही दोघंच. खोल्या धूळ खात पडल्यात.” सगळे प्रेमाने हसले. सभेचा शेवट कसा गोड झाला.

जिन्यात नेस्तान थांबली. “त्यांनी घरी बोलावलं.”

“हं.”

“आमच्याकडे कुणी ये म्हटलं आणि आपण गेलो नाही, तर त्यांचा अपमान होतो. इथे कसं आहे?”

इथे कसं आहे ते डर्वलाला पक्कं ठाऊक होतं. तिची आई रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला कुंपणावरून “आत या ना, चहा घ्या” म्हणायची, आणि प्रत्येकजण “छे छे, घाईत आहे” म्हणून पुढे जायचा. दोघांनाही बरं वाटायचं. एकदा पाण्याचे मीटर तपासणारा एक माणूस खरोखरच आत आला. आईने त्याला चहा दिला, केक दिला, आणि नंतर कैक वर्षं गावभर त्याचा किस्सा सांगितला. ये म्हणणं हे इथे दार अलगद लावून घेण्यासारखं असतं. हे तिने सांगायला हवं होतं. कल्याण अधिकारी कशाला असते मग?

ती जिन्याच्या कठड्याला टेकली. वर फिन्टनच्या खोलीतून कपबशांचा आवाज येत होता. तिला विमानतळावरची ती आजी आठवली, अर्धं सँडविच देणारी. तिला कुणी शिष्टाचार शिकवला नसावा.

“एवढा मोठा माणूस,” डर्वला म्हणाली, “दहाजणांसमोर उगाच बोलेल का? जायचं. मी येते सोबत.”

शुक्रवारी दोघी बसने खाडीच्या रस्त्यावर उतरल्या. डर्वलाच्या हातात नेस्तानची बॅग. नेस्तानच्या हातात फडक्यात गुंडाळलेली, चीज भरलेली गरमागरम भाकरी. निघता निघता कॅन्टीनच्या ओव्हनमध्ये भाजलेली. पाहुण्याने रिकाम्या हाताने जायचं नाही, हे तिला कुणी सांगावं लागलं नव्हतं. घर खरंच मोठं होतं. वरच्या मजल्यावरच्या खिडक्यांचे पडदे ओढलेले.

दार नोरीनने उघडलं. फिन्टनची बायको, हाताला पीठ, नाकावर चष्मा. मागून फिन्टन आले, पायात घरातल्या सपाता. त्यांनी आधी डर्वलाकडे पाहिलं, मग बॅगेकडे.

“तुम्ही ये म्हणाला होतात,” नेस्तान म्हणाली. “मी अडले आहे.”

नोरीनने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने पायपुसण्याकडे पाहिलं. पण नोरीनच्या अंगातली रीत विचाराच्या आधी पुढे झाली.

“चहा घेशील?”

“हो,” नेस्तान म्हणाली.

नोरीनने पुढचं ‘अगं घे गं थोडा’ तोंडात तयार ठेवलं होतं, ते तिथेच राहिलं. माणूस आधी नको म्हणतो, मग आपण आग्रह करतो, मग तो बरं म्हणतो. इथे तर मधल्या सगळ्या पायऱ्या गायब. “आणि जेवायला... थांबशील?” तिने चाचपत विचारलं.

“हो. आवडेल मला.” नेस्तानने भाकरी पुढे केली. “ही तुमच्यासाठी. गार व्हायच्या आत खायची.”

नोरीनने फडकं उघडलं. वाफ चष्म्यावर आली. “फिन्टन,” ती म्हणाली, “बॅग घे तिची. उभा काय आहेस?”

त्या दोघी आत गेल्या. फिन्टन बॅग घेऊन ओसरीतच थांबले आणि आवाज दाबून म्हणाले, “डर्वला, हे काय चालवलंयस तू? बोलण्याची एक पद्धत असते. तू इथलीच आहेस, तुला कळायला नको?”

“म्हणजे तुम्ही मनापासून बोलला नव्हतात?”

“तसं म्हणत नाही मी.”

“मग मनापासून बोलला होतात. ती आलीये. यात चुकलं कुणाचं?”

फिन्टननी बॅग या हातातून त्या हातात घेतली. मऊ माणसाला असं टोक कधी लागलेलं नसतं. स्वयंपाकघरातून नोरीनचा आवाज आला, “अगं, हे मला शिकव ना. आमच्या मुलाला, डोनलला, चीज म्हणजे जीव की प्राण. आता कोण खातंय इथे. पुढच्या शुक्रवारी पीठ आणून ठेवू का?” आणि पाठोपाठ त्या मुलीचं ते सरळसोट, “हो.”

फिन्टननी डोळे मिटले. मग हळूच हसले, हरलेल्या माणसासारखं, आणि त्या हसण्यात काही खोटं नव्हतं. “बरं. डोनलची खोली आहे. राहू दे तिला. शनिवार-रविवार काय, उन्हाळ्यापर्यंत राहू दे. नोरीनलाही बरं वाटेल. झालं तुझं काम? जा आता, तुझी मेयोची बस चुकेल.”

डर्वलाला बरं वाटलं. कोटाची बटणं लावताना वाटलं की आता जावं. कडेकडेने अंधारायला लागलं होतं आणि आईने मटण केलं असणार. दारापाशी ती वळली.

“एकीचं झालं, फिन्टन.”

“म्हणजे?”

“मी एकदा बघायला लागले ना, मग दिसायलाच लागलं. माझ्या सोफ्यावर आत्ता अजून बॅगा आहेत. एक पोरगा बसून बसून त्या तुटक्या स्प्रिंगवर झोपायला शिकलाय. एक गावाकडचीच आहे, आपल्याच जिल्ह्यातली, पण बापाच्या घरी तिला जाता येत नाही. तिने वर्गात सांगितलंय की ती दर शुक्रवारी घरी जाते. बॅगसुद्धा भरते.”

हातातली बॅग फिन्टननी अजून खाली ठेवली नव्हती.

“तुमचं घर मोठं आहे,” डर्वला म्हणाली. “तेवढं मोठं नाही. आणि मला त्या सगळ्यांना घेऊन तुमच्या दारात यायचं नाही, पण येईन. तुमची वसतिगृहं दोन दिवस अर्धी रिकामी असतात, कारण तिथली पोरं आईकडे गेलेली असतात. ते पलंग आहेत, गाद्या आहेत, हीटर आहे. किल्ली तुमच्याकडे आहे. मंगळवारी मी एक प्रश्न विचारला होता, तुम्ही तो महत्त्वाचा म्हणालात आणि पुढे गेलात. आता आपण दोघंच आहोत. बैठक नाही, टिपणं घेणारं कुणी नाही. मी बस सोडते, काही घाई नाही मला. शुक्रवारी ही पोरं कुठे जाणार? सांगा.”